कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं आणलेल्या 'ब्रेन बूस्टर' गोळ्या : ५ पैकी २ स्टार, तेवढे पण कॅफिनमुळं

भाचा एमपीएससीला बसलाय, त्याच्या अभ्यासिकेत सगळी पोरं ह्याच गोळ्या घेतात म्हणून राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधनं आणल्या. ३० कॅप्सूल, ८९९ रुपये, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खोक्यावर डोक्यातनं विजा निघतायत आणि खाली 'गाबा + डोपामाईन सपोर्ट, विचार सुस्साट!'

मी बी. फार्म. केलेला माणूस, मागचं बारीक वाचल्याशिवाय चैन पडत नाही. पहिलं नाव गाबा. आता भावांनो, गाबा हे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन, विचार सुस्साट करायला तेच कशाला घातलंय? आणि पोटातनं घेतलेला गाबा मेंदूत पोचतो तरी कुठं फारसा, कोल्हापुरानं टोल घालवला पण रक्तातनं मेंदूत काय सोडायचं ते ठरवणारा मधला नाका अजून चालूच हाय. डोपामाईन हे पण मेंदूतलंच रसायन, त्याला पण तिथं बाहेरनं एंट्री नाही, म्हणून तर पार्किन्सनच्या (हात थरथरायच्या आजाराच्या) पेशंटला लेव्होडोपा हे औषध देतात, ते आत जातं आणि मग त्याचं डोपामाईन होतं.

दुसरं टायरोसिन. त्यापासनं शरीर डोपामाईन बनवतं हे खरं, पण बनवणारं एन्झाइम आपल्याच स्पीडनं चालतं, कच्चा माल ओतला म्हणून उत्पादन तेवढं वाढत नाही. आणि टायरोसिन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या दुधात पण असतंय की!

मुळात नुसत्या रसायनात विचार नसतो. तेच डोपामाईन एका वाटेवर कमी पडलं की हात थरथरतो, दुसऱ्या वाटेवर काहीतरी मिळवायची ओढ लावतं. दोन पेशींमधल्या २० नॅनोमीटरच्या फटीत कुठलं रसायन, कधी, किती सुटलं आणि पलीकडं ते घेणारं कोण बसलंय, सगळा खेळ त्यावर. डबीवर हे कोण छापणार म्हणा.

शेवटच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरात कॅफिन ८० मिलिग्रॅम. काम करतंय ते हेच. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन साठतं, त्यानं झोप येते, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. भाचा रात्री जेवणानंतर गोळी घ्यायचा आणि दोनपर्यंत टक्क जागा, टेस्टचे मार्क मात्र होते तिथंच. साहजिक आहे, वाचलेलं पक्कं होतं झोपेत आणि ह्यानं झोपच उडवली.

कॅप्सूल मोठी, घशात अडकते, ब्राह्मीचा वास दिवसभर ढेकरातनं येतो. दुकानदार बोलायला चांगला, फोडलेली डबी परत घेत नाही. घ्यायचीच असली तर सकाळी घ्या, आणि डिप्रेशनच्या नाहीतर थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टायरोसिनच्या नादाला लागू नका.