साउंड चेकच्या नावाखाली माझे पोवाडे गेले

शाहीर, गोंधळी, भारूडकार मित्रांनो, ऑनलाइन कार्यक्रमाची सुपारी घेण्याआधी हे वाचा.

२०२० च्या चैत्रात जत्रा बंद झाल्या आणि आमच्या सुपाऱ्याही. अशात एका आयोजकाचा फोन आला. परदेशातली मराठी मंडळी तिकीट काढून ऐकतील म्हणाला. बोलणं अदबीचं, निम्मी बिदागी आगाऊ. मग म्हणाला, "शाहीर, ऐनवेळी नेट गेलं तर पंचाईत नको. साउंड चेक म्हणून प्रत्येक गाणं वेगळं रेकॉर्ड करून पाठवा. मध्ये बोलणं नको, डफ, तुणतुणं, साथीदारांनी मागून धरलेली झील, सगळं स्वच्छ यायला हवं."

खरी मेख इथेच होती. कार्यक्रमाला या फायलींची गरजच नव्हती.

कार्यक्रम रंगला. उरलेली बिदागी आधी 'बँकेत अडकली', मग त्याचा फोनच बंद झाला. साथीदारांना मी पदरचे पैसे दिले.

पुढे मी आमचीच तीन गाणी यूट्यूबवर टाकली, तर तिन्हींवर कुठल्याशा कंपनीचा हक्काचा दावा! त्या आयोजकाने माझ्या फायली, गाणी नेटवर पोचवणाऱ्या वितरकामार्फत, स्वतःच्या नावावर चढवल्या होत्या. एकदा तसं झालं की तो आवाज यूट्यूबच्या 'कंटेंट आयडी' या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत नमुना म्हणून बसतो, नवा व्हिडिओ त्याच्याशी जुळला की जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळू शकतात. शब्द कुणी रचले, डफावर हात कुणाचा, हे यंत्र विचारत नाही. त्या फायलींत आमचा पिढ्यान्‌पिढ्या गायला जाणारा गणही, म्हणजे सुरुवातीचं गणेशवंदनही होतं. माझ्या पोवाड्यांपेक्षा त्या गणाचा संताप मला जास्त आला. तो माझ्याही मालकीचा नाही, याच्या कुठून होणार?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचना रचणाऱ्याची, नोंदणी केलेली नसली तरी. ती दुसऱ्याच्या नावे करायची तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीचा कागद लागतो. मी कशावरही सही केलेली नव्हती. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क कलम ३८ मध्ये वेगळे आहेत, म्हणजे झीलकऱ्यांनाही ते आहेत.

मी दाव्यांना आव्हान दिलं. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. दोन गाण्यांवर तो गप्प राहिला आणि ती सुटली. तिसऱ्यावर तो अडून बसलाय, तिथे अपील केलंय. वहीची पानं, फोनमधल्या मूळ फायली आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवलेत.

फाइल पाठवावीच लागली तर गाण्याआधी आणि मध्येही आपलं नाव, तारीख आणि कार्यक्रम कुणासाठी ते बोला. आयोजक ते काढून मागेल, देऊ नका. रेकॉर्डिंग याच कार्यक्रमापुरतं, असं लेखी घ्या, आणि पूर्ण बिदागी डफावर थाप पडण्याआधी. टाळेबंदीच्या काळात ज्यांनी अशा फायली कुणाला दिल्यात, त्यांनी आपल्या गाण्यांच्या पहिल्या ओळी आजच नेटवर शोधून पाहा.