झटपट सांधे मोकळे करणाऱ्या ‘नैसर्गिक’ गोळ्या

जिम्नॅस्टिक्स सोडलेल्यांना हेरून गाठणारे सांधेदुखीच्या गोळ्यांचे विक्रेते असतात. मला गाठणाऱ्यानं सुरुवात कौतुकानं केली. बीम, व्हॉल्ट, डिसमाउंट, जिम्नॅस्टिक्सची सगळी भाषा त्याला येत होती. “तुमचं दुखणं चारचौघांसारखं नाही, साधे डॉक्टर नुसती विश्रांती सांगणार,” हे त्याचं वाक्य बरोबर वर्मी बसतं, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेलं असतं. मग जिम्नॅस्ट ओक्साना चुसोविटिना आलीच. 1992 पासून टोकियोपर्यंत आठ ऑलिम्पिक, शेवटचं वयाच्या 46 व्या वर्षी. हे सगळं खरं. ती गोळ्या घेते असं तो कधीच म्हणाला नाही. तिचं नाव फक्त गोळ्यांच्या शेजारी ठेवलं.

दावा असा की वनस्पतींच्या अर्कानं झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, भरून येते. सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे मोठ्या माणसात ती जवळजवळ भरून येतच नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या सर्वांत गाजलेल्या गोळ्यांचीसुद्धा 2006 मध्ये गुडघेदुखीच्या 1583 रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत त्या औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा फारशा सरस ठरल्या नाहीत.

पण या गोळ्यांनी गुण आला, आणि तोही लगेच! सकाळी उठताना धरणारा घोटा सुटला. मनगटावर भार देऊन ब्रिज (हातापायांवर पाठीची कमान) लागला, तोही न कण्हता. मग भूक खवळली, झोप उडाली, चेहरा गोल दिसायला लागला. विचारलं तर उत्तर तयार: “शरीर साफ होतंय.” (प्रत्येक दुष्परिणामाला हे एकच उत्तर मिळायला लागलं की समजून जावं.)

बाटली संपली तसं अंगातलं त्राणच गेलं. मळमळ, चक्कर, आणि दुखणं पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी आधी बाटली मागितली. तिच्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटकांत नुसतं “औषधी वनस्पती”. सकाळचं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी बनवतात ते शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासलं, ते फारच कमी आलं. गोळ्यांत स्टेरॉइड असणार, असं त्यांचं स्पष्ट मत पडलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अॅड्रिनल ग्रंथी आपलं काम थांबवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही 2022 मध्ये सांधेदुखीच्या अशाच काही उत्पादनांत लेबलवर न लिहिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडल्याचा इशारा दिला होता.

विक्रेत्याला हे कळवलं. आधी “गोळ्या नियमित घेतल्या नसतील”, मग ब्लॉक. पुढच्या बाटल्यांचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले ते बुडालेच.

आता फिजिओकडे जाते. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, पुन्हा वर. मनगटाला आधी भिंतीवर, मग टेबलावर भार. कंटाळवाणं आहे. डबल बॅकच्या (हवेत मागे दोन कोलांट्या) लँडिंगला वजनाच्या दहापटीच्या आसपास मार खाल्लेले पाय आठवडाभरात ऐकत नाहीत, पण आता जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा गोळ्या घेत असेल तर त्या मनानं एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना गाठा. स्टेरॉइड असेल तर ते हळूहळू उतरवावं लागतं. आणि रिकामी बाटली फेकू नका, त्यातली एखादी गोळी उरली असेल तर तीही जपून ठेवा. तपासणीला आणि तक्रारीला तीच लागते. माझ्याकडे एकही उरली नव्हती.