फिनेगन तक्ता: नाशिकच्या नवजात कक्षात कितपत कामाचा?

गरोदरपणी आईने ट्रामाडॉल, कोडीन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन असं अफूवर्गातलं औषध घेतलं असेल, तर बाळाला विथड्रॉवलसाठी (ते औषध जन्मानंतर एकदम तुटल्याने होणाऱ्या त्रासासाठी) औषध लागणार का, हे ठरवायला बहुतेक ठिकाणी फिनेगन तक्ताच काढतात. तक्ता १९७५ चा, लक्षणं २१. दर ३-४ तासांनी गुण द्यायचे. सलग तीनदा ८ किंवा सलग दोनदा १२, किंवा त्याहून जास्त, आले की औषध. नोंद ठेवायला उत्तम, पण भाकितासाठी कच्चा.

चुका गुण देण्याच्या वेळेत होतात. भुकेलं बाळ रडतं, मुठी चोखतं, झोपत नाही, आणि हे सगळं गुणांत चढतं. दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून मगच पाहावं; गुणांसाठी झोपेतून उठवू नये. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत उघड्या अंगाचं बाळ गारठून चट्टेरी दिसतं, त्याचाही १ गुण जातो. म्हणून आधी वॉर्मर. थरथर दिसली की रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासावं, जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे गुण तर मुळातच कमी येतात.

‘खाणं, झोप, शांत होणं’ ही पद्धत आम्हाला जास्त भरवशाची वाटते. एका वेळी ३० मिली दूध घेतं किंवा अंगावर नीट पितं का? सलग तासभर झोपतं का? १० मिनिटांत शांत होतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर आधी मंद उजेड आणि आईची कूस, औषध त्यानंतर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांच्या अभ्यासात नेहमीच्या पद्धतीत ५२ टक्के, तर या पद्धतीत १९.५ टक्के बाळांना औषध लागलं. मात्र आई वॉर्डात आणि बाळ एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या विशेष कक्षात), अशी ताटातूट असेल तर ही पद्धत चालतच नाही.

धोक्याचा अंदाज खरा बांधता येतो तो आईच्या औषधांवरून. ब्यूप्रेनॉर्फिनची लक्षणं मेथाडोन या त्याच वर्गातल्या औषधापेक्षा सहसा सौम्य असतात. जोडीला झोपेच्या गोळ्या, गॅबापेंटिन किंवा धूम्रपान असेल तर धोका वाढतो. “व्यसन आहे का?” असं विचारलं तर कोणीच खरं सांगत नाही. “ताई, दुखण्याची, खोकल्याची, झोपेची कुठली औषधं चालू होती?” असं, सासरची माणसं बाहेर पाठवून विचारावं.

ब्यूप्रेनॉर्फिनची लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतात. ४८ तासांत सोडलेलं बाळ तोवर पेठ-सुरगाण्याला पोचलेलं असतं. ४ ते ७ दिवस ठेवून घ्यावं.