पेलेटगेज: डब्यावरच्या आकड्याची उलटतपासणी

एअर रायफलच्या छर्‍यांच्या डब्यावर हेडचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, माप ४.५० मिमी छापलंय म्हणून आतला प्रत्येक छर्रा ४.५०चा निघतो असं नाही. त्यात ४.४९चे आणि ४.५१चेही सापडतात, आणि नवा लॉट (कारखान्यातली एका खेपेची बॅच) आला की सगळंच एका टप्प्याने सरकलेलं असू शकतं. पेलेटगेज एवढंच तपासतं. ही एक पट्टी, तिच्यात ०.०१ मिमीच्या फरकाने वाढत जाणारी गोल छिद्रं, बाकी काही नाही. हे काम व्हर्नियर कॅलिपरवर ढकलू नये. शिसं मऊ असतं, जबडे जरा आवळले की हेड चपटतं. शिवाय साध्या व्हर्नियरची चूकच ०.०२ मिमीच्या घरात, म्हणजे मोजायच्या फरकाहून मोठी.

छर्रा स्कर्टकडून, म्हणजे मागच्या पसरट घेराकडून, धरायचा, हेड खाली, आणि सर्वांत लहान छिद्रापासून सुरुवात करायची. नुसता सोडायचा. बोटाने दाबला तर ४.५१चा ४.५०मध्ये जातो आणि सगळी वर्गवारी वाया. ज्या छिद्रात हेड आपल्या वजनाने उतरून स्कर्ट वर अडकतो, ते त्याचं माप. डोमचे, म्हणजे गोल टोकाचे, छर्रे पटापट होतात. वॅडकटरची, म्हणजे सपाट टोकाच्या छर्‍याची, कड मात्र तिरकी टेकली की अडते. पट्टीला हलकी टिचकी मारली की तो सरळ होतो. मधूनमधून छिद्रांवरून मऊ ब्रश फिरवा, शिशाचा भुगा काठाला चिकटला की माप खोटं येतं. शेवटी हात साबणाने धुवायचे, हे वेगळं सांगायला नको.

एक मर्यादा विक्रेते सांगत नाहीत. गोल छिद्राला फक्त हेडचा सर्वांत मोठा व्यास कळतो. एका बाजूने ४.५० आणि दुसऱ्या बाजूने ४.४८ असलेला लंबगोल छर्राही ४.५०च्या वाटीत जाऊन बसतो. स्कर्ट वाकलेला किंवा आत पोकळी असली तर तेही या पट्टीला दिसणार नाही. त्यासाठी नजर आणि वजनकाटा.

बॅरलला कोणतं माप हवं, हेही गेज सांगत नाही. हवा सोडून, सिलिंडर काढून, ब्रीचमधून (बॅरलच्या मागच्या तोंडातून) एक छर्रा सफाईच्या रॉडने हळू ढकलून बाहेर काढा. हेडवर रायफलिंगचे (नळीतल्या पिळदार खाचांचे) बारीक, सगळीकडून सारखे ठसे उमटले तर जोडी जमली. ठसे फक्त स्कर्टवर आणि हेड कोरं असेल तर हेड सैल आहे. असा छर्रा नळीत किंचित कलतो, बाहेर पडल्यावर डोलतो आणि फ्लायर देतो, म्हणजे बाकीच्यांपासून लांब जाऊन लागतो. खोल ओरखडे आणि ढकलताना जोर लागला तर हेड घट्ट, म्हणजे घर्षण जास्त आणि वेग शॉटगणिक बदलता. तोंडाशी चोक असलेल्या, म्हणजे टोकाला किंचित अरुंद केलेल्या, बॅरलमध्ये शेवटी जोर वाढणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

खरा निकाल कागदावर. १० मीटर, बंदूक टेकवून, माप बदललं की आधी १० छर्रे नुसते मारून टाका. मग प्रत्येक मापाचे ५ छर्‍यांचे ५ ग्रुप (एकाच ठिकाणी नेम धरून पाडलेल्या भोकांचे झुपके), मापं आलटूनपालटून. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करा. सरासरी बघा, एकुलता एक सुरेख ग्रुप फोटोपुरता ठीक. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो, म्हणून ग्रुपमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही तिथे जाणवतो.

मॅच रायफल (स्पर्धेची) किंवा पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक) असेल तर ही पट्टी घ्यावीच. स्प्रिंगची बंदूक असेल तर आधी पकड सुधारा, तिथे हा फरक झटक्यातच हरवतो. आणि हजारो छर्रे एकेक करून निवडत बसण्यापेक्षा प्रत्येक नव्या लॉटमधले ३० मोजा. बहुतेक हव्या त्या मापाचे निघाले तर त्याच लॉटचे जास्त डबे घेऊन ठेवा.