मागचे शॉकअप बदलून काही महिने झाले: स्प्रिंग, रिबाउंड आणि सायलेन्सरमागचा तो नॉब

मागच्या आठवड्यात उजव्या शॉकअपच्या रॉडवर तेलाचा ओघळ दिसला. गाडी दुकानात नेली तर उत्तर मिळालं, "साहेब, घोडबंदर रोडला रोज चालवताय, सील जाणारच. हे वॉरंटीत बसत नाही." सील म्हणजे शॉकअपमधलं तेल आत अडवून धरणारी रबरी कडी. खड्ड्यांसाठी म्हणून विकलेली वस्तू खड्ड्यांमुळे गेली तर वॉरंटी नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही आणि तसं मी तिथेच सांगितलं. वाद मिटलेला नाही, म्हणून दुकानाचं किंवा कंपनीचं नाव इथे घेत नाही. पण जुने शॉकअप परत चढवावेत असं एकदाही वाटलं नाही. ते का, हे सांगायला हा अनुभव लिहितोय.

गाडी साडेतीनशे सीसीची, मागे दोन शॉकअपवाली. नवीन शॉकअप गॅसचे, प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याची) रिंग आट्यांवर फिरणारी, रिबाउंडला (दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर येतो, त्याला) खाली नॉब. जोडी वीस हजारांच्या घरात गेली. माझं वजन ६२ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण विकताना तो मला कोणी विचारलाच नाही.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. कासारवडवलीहून निघून मेट्रो ४ च्या पत्र्यांशेजारून माजिवड्याला येईपर्यंत कंबर भरून यायची. पातलीपाड्याच्या आसपास सर्व्हिस रोडला पेव्हर ब्लॉक खचलेले आहेत, तिथे तर जुन्यापेक्षा जास्त दणके. दुकानात विचारलं की "प्रीलोड कमी करा, मऊ होईल." हाच सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. रिंग सैल केली म्हणून स्प्रिंग मऊ होत नाही. गाडी तेवढी खाली बसते, बाकी काही नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेढ्यांत असतो, तो रिंगेने बदलत नाही.

खरं काय ते टेपने कळतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखाली चिकटपट्टीची खूण केली आणि अंतर मोजलं. मग गाडी स्टँडवरून उतरवली, हेल्मेट-जॅकेटसकट नेहमीसारखा बसलो, पाय फूटरेस्टवर. शेजारच्या काकांनी पुढून हँडल धरलं, बायकोने तीच दोन टोकं पुन्हा मोजली. दोन्ही मापांमधला फरक म्हणजे सॅग. चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के सॅग हवा. माझ्या गाडीची हालचाल ९० मिमी, म्हणजे २७ च्या आसपास. माझा आला १६, तोही रिंग शेवटपर्यंत सैल करून. तिथे विषय संपला. रिंग सैल करायला जागाच उरली नव्हती, म्हणजे स्प्रिंगच माझ्यापेक्षा जड माणसासाठी होती.

मऊ स्प्रिंग मागितली तर आधी "अशी येत नाही", मग "मागवावी लागेल", शेवटी वेगळे पैसे. घेतली, कारण चुकीच्या स्प्रिंगवर वीस हजार घालून बसणं मला परवडणारं नाही. स्प्रिंग घरी बदलू नका, ती दाबून धरणारं हत्यार (स्प्रिंग कॉम्प्रेसर) लागतं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल. नवीन स्प्रिंगवर प्रीलोड थोडा चढवून सॅग २८ वर आला. पेव्हर ब्लॉकवरचा दणका त्याच संध्याकाळी कमी झाला.

तरी ठाणे-बेलापूर रोडचं गणित सुटेना. कळवा, विटावा ओलांडून दिघ्यापुढे गाडी जरा पळायला लागली की आधी बरी वाटायची आणि ऐरोली येईतो लाकडाच्या फळीवर बसल्यासारखी व्हायची. काँक्रीटच्या रस्त्याला जोड साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ६० ला हे सेकंदाला तीन-चार हिसके. रिबाउंड फार घट्ट असेल तर एका हिसक्याने दबलेला शॉकअप पुढचा हिसका यायच्या आत पूर्ण वर येत नाही. प्रत्येक जोडाला थोडा थोडा खालीच राहतो, उरलेली हालचाल संपत जाते आणि मऊ स्प्रिंगसुद्धा दगड लागते. दुकानातून नॉब जवळपास बंद करूनच आला होता.

नॉब आधी घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद केला आणि तिथून उलटे क्लिक मोजत सोडला. पाच क्लिकवर होता, आता चौदावर आहे. सीट जोरात खाली दाबून सोडा: एका दमात वर येऊन थांबली तर ठीक, रेंगाळत आली तर घट्ट, वर येऊन पुन्हा डुलली तर सैल. एकदा अठरापर्यंत सोडून पाहिला, तर गायमुखच्या वळणांवर मागचा भाग तरंगायला लागला. दोन्ही बाजूंचे क्लिक सारखेच हवेत. रिंगेचंही तेच, नाहीतर दोन शॉकअप दोन तऱ्हेने काम करतात आणि त्याचा पीळ स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, येतो.

तोपर्यंत माझं मत होतं की पैसे पाण्यात गेले. त्यानंतर बदललं. महाप्याला उतरल्यावर पाठ सरळ करायला थांबावं लागत नाही. बायको म्हणाली, "आता मागे बसल्यावर पर्स धरायला हात मोकळा राहतो." डबलसीट जाताना रिंग दोन फेरे वर घेतो, रिबाउंड दोन क्लिक घट्ट. एवढंच.

आता नॉबबद्दल, कारण याचा मला खरोखर राग आहे. डावा नॉब हाताला येतो. उजवा सायलेन्सर आणि स्विंगआर्म यांच्या बोळकांडीत, बाहेरून दिसतही नाही. दोन बोटं जेमतेम आत जातात, तीही आडवी. त्यामुळे अंगठ्याचा जोर मिळत नाही आणि क्लिक इतके पुसट आहेत की सातवा झाला की आठवा, हे बोटाला कळत नाही. नॉबवर आकडा नाही, खूणही नाही. गाडी चालवून आल्यावर सायलेन्सर तापलेला, म्हणजे रस्त्यात थांबून दोन क्लिक बदलून बघायची सोय नाही. आणि रिबाउंड लावायची खरी रीत तीच आहे: चालवा, थांबा, दोन क्लिक, पुन्हा त्याच रस्त्याने चालवा. ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले तीच गोष्ट गाडी थंड होईपर्यंत वापरता येत नाही. स्क्रू-ड्रायव्हरची खाच पुढच्या बाजूला दिली असती तरी भागलं असतं. खोक्यातला रिंग फिरवायचा सी-पाना पातळ आहे, शॉकअपची फिनिश साधारण आहे, ते सगळं मी सोडून देतो. हा नॉब सोडवत नाही. मी आता उजव्या नॉबला पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका लावलाय आणि खालून मोबाइलचा कॅमेरा धरून मोजतो.

पावसाळ्यात आट्यांत चिखल बसतो. रिंग फिरवण्याआधी दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि पाण्याने साफ करा, कोरडी माती असताना फिरवलीत तर आटे जातील. मागची उंची बदलली की चेन तपासा, गाडीवर माणूस बसलेला असताना. हेडलाइटचा झोतही खाली-वर होतो. आणि हे सगळं करायच्या आधी टायरची हवा बघा. जास्त हवेचा टायर शॉकअपच्या नावावर कंबर मोडतो, आणि ती तपासायला काही खर्च नाही.

सीलचं शेवटी असं केलं. या शॉकअपचा रॉड खालच्या बाजूला आहे, चाकाचा चिखल थेट त्याच्यावर उडतो आणि कणांनी सीलची कड खाल्ली जाते. पण हे शॉकअप खोलता येतात, माझे जुने सीलबंद होते, गळले की फेकायचे. रबाळ्याच्या एका वर्कशॉपवाल्याने दोन्ही खोलले, सील आणि तेल बदलून नायट्रोजन भरला. गळत एकच होता, तरी दोन्ही करायला लावले, कारण एकात ताजं तेल आणि दुसऱ्यात जुनं असेल तर क्लिक सारखे ठेवून उपयोग नाही. रॉडवर चरे नव्हते म्हणून थोडक्यात भागलं. "दादा, गाडी धुताना प्रेशरचं पाणी इथे मारू नका," एवढं त्याने बोट ठेवून दाखवलं. सर्व्हिसिंगनंतर क्लिक पुन्हा बंद करून मोजले, सॅग पुन्हा टेपने बघितला, २८ च आहे. बिल जपून ठेवलंय. वॉरंटी कार्डावर खराब रस्त्यांचा उल्लेख कुठेही नाही, तेव्हा ते कार्ड आणि हे बिल घेऊन शनिवारी परत दुकानात जाणार आहे.