लॅक, अ‍ॅब्सेन्स की शॉर्टेज? इंग्रजीत ‘नाही’ कसं लिहायचं

गेल्या बुधवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लिफ्टशेजारी नोटीस लागली: ‘ड्यू टू अ‍ॅब्सेन्स ऑफ वॉटर ऑन थर्स्डे...’ गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, हे पुणेकराला नवीन नाही. पण वाचून वाटलं, पाण्याने रजेचा अर्ज टाकलाय. सेक्रेटरी काका म्हणाले, “मग लॅक लिहू का?” तेही नको. नळ बंद असेल तर सरळ ‘नो वॉटर सप्लाय’ लिहावं. पण प्रश्न रास्त होता. मराठीत दोन्हींना ‘अभाव’ म्हणून भागतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

अ‍ॅब्सेन्स म्हणजे निव्वळ नसणं. न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, नेहमीचं उदाहरण घ्या: भूतलावर घट नाही, म्हणजे जमिनीवर घडा नाही. तो असायला हवा होता का, यावर चकार शब्द नाही. लॅकमध्ये मात्र तक्रार असते. हवं होतं आणि नाही, किंवा आहे पण पुरत नाही. म्हणून डॉक्टर ‘अ‍ॅब्सेन्स ऑफ फीव्हर’ लिहितात. ‘लॅक ऑफ फीव्हर’ लिहिलं तर ताप यायची वाट बघत होतो असं वाटेल.

दुसरा फरक मापाचा. रात्री चार तास झोप झाली तरी सकाळी ‘लॅक ऑफ स्लीप’ म्हणता येतं. ‘अ‍ॅब्सेन्स ऑफ स्लीप’ म्हटलं की डोळ्याला डोळा लागलेला नाही. नोकरीच्या अर्जात हे फार महत्त्वाचं. सहा महिन्यांची इंटर्नशिप झालेल्या मुलीने ‘अ‍ॅब्सेन्स ऑफ एक्सपीरियन्स’ लिहिलं तर तिने स्वतःच ते सहा महिने पुसून टाकले. माणूस जागेवर नसेल तर अ‍ॅब्सेन्सच. मी एकदा पत्रात ‘ड्यू टू लॅक ऑफ चेअरमन’ लिहून बसलो होतो. साहेब फक्त लग्नाला सांगलीला गेले होते, वाचणाऱ्याने पदच रिकामं समजलं.

आणि एक खड्डा, ज्यात आपण हमखास पडतो. लॅक क्रियापद म्हणून आलं की पुढे ‘ऑफ’ नाही. ‘ही लॅक्स ऑफ कॉन्फिडन्स’ चूक, ‘ही लॅक्स कॉन्फिडन्स’ बरोबर. ‘ऑफ’ हवा तो नामाला: ‘हिज लॅक ऑफ कॉन्फिडन्स’.

पाणी कमी येत असेल तर शॉर्टेज, म्हणजे तुटवडा: गरज इतकी, आलं तितकं, आणि दोन टँकर आले की प्रश्न मिटतो. स्केअर्सिटी त्याहून जुनाट, पसरलेली. सरकारी मराठीतली ‘टंचाई’. महाराष्ट्राने १९६३ मध्ये चक्क कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ शब्द काढला आणि तिथे ‘स्केअर्सिटी’ घातला. दुष्काळ त्याने हटला नाही, १९७२ आलाच. पण शब्द निवडण्यात किती राजकारण असतं ते कळतं.

डेफिसिट आणि डेफिशियन्सी पटकन उरकू. आकड्यातली तूट ती डेफिसिट, उदाहरणार्थ बजेटची. शरीरातली किंवा दर्जातली कमतरता ती डेफिशियन्सी, जशी बी-ट्वेल्व्हची. पावसाच्या बाबतीत मात्र हवामान खात्याचा शब्द ठरलेला आहे. सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पडला तर ‘डेफिशियंट’. आपल्याकडे शिवाजीनगरला ज्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात, ते याच खात्याचं. १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, ते पुढे दिल्लीला गेलं तरी नाव चिकटलंय.

डर्थ मला आवडतो. तो ‘डिअर’ म्हणजे महाग यावरून आलाय. धान्य मिळेना म्हणून महागलं, हा मूळ अर्थ. आज तो चांगल्या माणसांची, कल्पनांची वानवा सांगायला शोभतो, किल्लीच्या डुप्लिकेटसाठी नाही. पॉसिटी म्हणजे अगदी तुरळक असणं. पुराव्यांबद्दल लिहिताना ठीक, रोजच्या ईमेलात कोट-टाय घालून भाजी आणायला गेल्यासारखा दिसतो.

हे सगळं काकांना जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं. त्यांनी मान डोलावली, खिशातल्या पावतीमागे काहीतरी टिपूनही घेतलं. शनिवारी गेटवर नवी नोटीस: ‘ड्यू टू पॉसिटी ऑफ पार्किंग...’