स्टॉलवर वेब-अ‍ॅप दाखवायचं: आपल्या फोनवर की पाहुण्याच्या?

बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसला, म्हणजे मोबाइल तंत्रज्ञानाच्या मोठ्या प्रदर्शनाला, निघालेल्या मैत्रिणीचा प्रश्न: वेब-अ‍ॅपचा (ब्राउझरमध्येच चालणाऱ्या अ‍ॅपचा) डेमो आपल्या फोनवर द्यायचा, की क्यूआर चिकटवून पाहुण्यांच्या?

खर्चात क्यूआर जवळपास फुकट. आपले फोन म्हणजे चार्जर, साखळ्या, वर बोटांचे ठसे पुसत बसा.

खरी गोची नेटवर्कची. गर्दीत हॉलचं वायफाय मान टाकतं. आपल्या फोनवर सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्टने) पानं आधीच साठवलेली असली की विमान मोडवरही डेमो चालतो, आणि लोक तिथंच थबकतात. पाहुण्याचा फोन कोराच. त्यात आयफोनवर वेब-नोटिफिकेशन आयओएस १६.४ पासूनच, तेही अ‍ॅप होम स्क्रीनवर टाकलं तर. उभ्या उभ्या कोण टाकतंय?

गुंतवणूकदार, पत्रकार येणार असतील तर आपला फोन. डेव्हलपरांना मात्र क्यूआरच द्या; त्यांना स्वतः खटपट करून बघायचं असतं.